निळूभाऊंची पाणीपाळी

अभिनेते निळू फुले यांच्यावर बोलायला मिनिटं मोजकी आहेत. त्यामुळे ते काय शिकले, पुरस्कार कोणते मिळाले, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि नसेल तर घरात कुणाला तरी विचारा. मला एकच गोष्ट सांगायचीय. ती मी दोनतीनदा सांगणार, कारण या वेळेला निम्मे श्रोते चहा टाकायला उठलेले असतात.

निळूभाऊ म्हणजे नुसता पाटील नव्हे, एवढंच माझं म्हणणं. शाळेच्या गॅदरिंगला एक तरी पोरगं धोतर नेसून येतं, मान वाकडी करतं, आवाज घशात ओढतं आणि ‘बाई, वाड्यावर या’ म्हणतं. टाळ्या पडतात, शिट्ट्या पडतात. कौतुक आहे पोराचं! पण ज्या माणसानं चाळीस वर्षं काम केलं, त्याची शिदोरी एका वाक्यात बांधून मोकळे झालो की आपण.

आता आमच्या सिद्धेश्वर धरणाचंच घ्या. येलदरी भरलं, खाली सिद्धेश्वर भरलं, भोंगा वाजला आणि दरवाजे उचलले की सगळं औंढा, सगळी वसमत मोबाईल घेऊन पूर्णेकाठी. पाणी उसळतंय, तुषार उडतायत, फोटो निघतायत. पण मला सांगा, त्या पाण्यावर कुणाचा हरभरा आला? ते तर नदीनं निघून गेलं. रान भिजतं ते कालव्याच्या पाण्यावर. थंडीत पाळी सुटते, मापात सुटते, चारीनं गुपचूप येते, रात्री दोनला तुमच्या बांधावर पोचते. तिचा फोटो कुणी काढत नाही.

निळूभाऊंचं काम असं पाळीचं होतं. उसळणारं पाणी त्यांच्याकडे नव्हतं असं नाही, पण दार कधी उचलायचं आणि किती, हे त्यांच्या हातात होतं.

तरुणपणी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करायचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं नाव झालं. मग 1968 साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा केला आणि सिनेमाचा रस्ता खुला झाला. तिथून पुढं पाटील, सरपंच, चेअरमन, सावकार अशी रांगच लागली. गावोगावच्या बायका त्यांना शिव्याशाप द्यायच्या, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण का द्यायच्या? आरडाओरडा करणाऱ्या खलनायकाला कुणी भीत नाही हो. हा माणूस हळू बोलायचा, हसून बोलायचा, अगदी आपल्या गावातल्या कुणासारखा. ओळखीचा होता, म्हणून भीती.

‘सामना’ बघा. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लिहिला विजय तेंडुलकरांनी, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील, आणि डॉ. श्रीराम लागू एक भणंग, दारुडे मास्तर. हिंदुराव या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला साखर कारखाना कौतुकानं दाखवतो. या भागाचं भलं आपणच केलंय, अशी त्याची मनापासून खात्री आहे. आणि मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं म्हणून. त्या वेळी लागूंकडे बघू नका, निळूभाऊंकडे बघा. पाहुणचार चालूच आहे, बोलणंही गोडच आहे, पण डोळ्यांत हिशेब सुरू झालाय. दार बंद आहे, आत पाणी चढतंय. ही नक्कल गॅदरिंगला करून दाखवा, मी स्वतः शंभर रुपये बक्षीस देतो.

आणि ज्यांना अजून पाटीलच आठवतोय, त्यांनी ‘सिंहासन’ बघा. 1979 सालचा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. त्यात धोतर नाही, वाडा नाही. निळूभाऊ आहेत दिगू टिपणीस, मुंबईतला पत्रकार. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू, डाव टाकणारे सगळे दुसरीकडे. दिगू काय करतो? ऐकतो. इकडं ऐकतो, तिकडं ऐकतो, सगळं साठवत जातो. दुसऱ्याचं ऐकणं पडद्यावर दाखवणं किती अवघड असतं, ते नाटकात उभं राहिलेल्याला विचारा! आणि शेवटी एकदाच तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. बघा, सगळा सिनेमाभर पाणी अडवलं आणि एकदाच दार उचललं. म्हणून ते अंगावर येतं. पहिल्या मिनिटापासून उचललं असतं तर आपण फोटो काढून घरी गेलो असतो.

परत सांगतो, चहा घेऊन आलेल्यांसाठी: निळूभाऊ म्हणजे नुसता पाटील नव्हे.

रंगभूमीवर 1972 साली ‘सखाराम बाइंडर’ त्यांनी उभा केला, सेन्सॉरशी केवढं भांडण झालं, त्यावर खरं तर वेगळं भाषण हवं. हिंदीत ‘सारांश’मधला पुढारी आहे. आणि नटापलीकडचा माणूस तर राहूनच गेला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना हातभार म्हणून, डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग घेऊन गावोगाव फिरले. पडद्यावर गाव लुटणारा हा माणूस प्रत्यक्षात... पण काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ होत आलीय.

13 जुलै 2009 ला निळूभाऊ गेले. तेव्हा जी पोरं पाळण्यात होती, ती आज कॉलेजात आहेत आणि त्यांना निळूभाऊ मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात भेटतात. लेकरांनो, रागावत नाही, पण या रविवारी वेळ काढा. ‘सामना’ किंवा ‘सिंहासन’, कोणताही एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये पुढं न ढकलता. आजोबांना शेजारी बसवा, त्यांना त्या काळचे चेअरमन नावानिशी आठवतील. आणि बघून झाल्यावरही नक्कल करावीशी वाटली, तर खुशाल करा.