तोडीस तोड

श्रोतेहो, शंकरपट ठाऊक नाही असा माणूस आपल्या भंडारा जिल्ह्यात सापडणे कठीण. दुबळ्या जोडीला मागे टाकण्यात काय मोठेपणा? तोडीची जोडी पटावर उतरली म्हणजे खरी कसोटी. फुटबॉलच्या साखळी स्पर्धेतही तसेच आहे.

साखळीत विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. कोणालाही हरवा, गुण तेवढेच. मग तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या दोनच सामन्यांचे एवढे महत्त्व का? कारण तिथे आपल्या पदरी 3 पडतात, आणि त्याचे 3 हुकतात.

इंडियन सुपर लीगमधले मुंबई सिटी आणि कोलकात्याचे मोहन बागान यांचेच पाहा ना. 2020-21 च्या हंगामात 20 सामन्यांअखेर दोघांचे गुण 40. विजय 12, बरोबरी 4, पराभव 4, हेही सारखेच! पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, 1-0 आणि 2-0. म्हणून ढाल मुंबईला. त्यातला दुसरा सामना साखळीतला अखेरचा. तो नुसता बरोबरीत सुटता, तर मोहन बागान 41 आणि मुंबई 38 वर राहती.

एप्रिल 2024 मध्ये पारडे फिरले. अखेरच्या सामन्यात मुंबईला बरोबरीही पुरली असती. मोहन बागानने 2-1 अशी बाजी मारली. गुण झाले 48 आणि 47! मे महिन्यात अंतिम सामन्यात मुंबईने 3-1 ने परतफेड केली, ती गोष्ट वेगळी. ढाल काही परत आली नाही.

तेव्हा आपल्या गावोगावच्या खेळाडूंनो, लहान संघाशी खेळताना गाफील राहू नका. चाळीस गुण तिथूनच जमतात. आणि तोडीच्या संघाला टाळू नका. सराव करायचा तो त्याच्याशीच.