दोराचे पडिलेहण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने जीवदयेचे कोणते नवे कार्य हाती घ्यावे, हा विषय आज आपणासमोर आहे. चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या वनजिल्ह्यांची गरज पाहता मी एकच सुचवितो : गावातील तरुणांची, दोराच्या साहाय्याने जीव वाचविणारी पथके.

आपल्या भागात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. रात्री सावजामागे धावणारा बिबट्या त्यांत पडतो, रानडुक्कर पडते, कधी माणूसही पडतो. पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. सप्टेंबर २०१९ मध्ये तर पुराचे पाणी गावात शिरले. शासकीय पथक येईपर्यंतचा काळ गावालाच निभवावा लागतो.

माणसांची वाण नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. येथील ‘इको-प्रो’च्या स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये गोंडकालीन किल्ल्याची सफाई दोनशेहून अधिक दिवस चालविली. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्सचे स्वयंसेवक दोर लावून दरीत उतरले.

परंतु पथक उभारणे सोपे, टिकविणे कठीण. आपले साधु-साध्वी वस्त्रे व उपकरणे नित्य निरखून पाहतात, त्यास आपण पडिलेहण म्हणतो. दोरालाही तेच हवे. ऊन, बॅटरीचे आम्ल आणि दगडी काठाचे घर्षण यांनी नायलॉनचा दोर क्षीण होतो, तरी वरून धडधाकट दिसू शकतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर तो टोकापासून टोकापर्यंत चाचपावा, नोंदवहीत लिहावे आणि शंका येताच बाद करावा. काठावर जाड गोणपाट, उतरणाऱ्यास दुसरा स्वतंत्र दोर आणि आज्ञा एकाचीच, हा नियम मोडू नये. विहिरीत विषारी वायूची शंका असल्यास कोणीही उतरू नये. वाचवावयास गेलेलेच एकामागून एक दगावतात. वन्यप्राणी पडल्यास प्रथम वनविभागास कळवावे व गर्दी हटवावी. दोरांनी सोडलेल्या बाजेच्या किंवा शिडीच्या आधाराने बिबट्या पुष्कळदा स्वतःच वर येतो. यतना म्हणतात ती हीच.

आणखी एक गोष्ट. ही मुले मजुरीवर जगतात; सरावाचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी. तेंदूपानाच्या वा रोवणीच्या हंगामात सराव ठेवला, तर कोण येणार? आणि सराव थांबला, की दोर खुंटीवरच कुजतो.

यास्तव माझी नम्र विनंती आहे. केवळ साहित्यखरेदीसाठी देणगी देऊन आपण थांबू नये. त्यासाठी ध्रुवनिधी उभारावा. त्याच्या व्याजातून जुने दोर बदलावेत, मुलांचा विमा उतरवावा, सरावाच्या दिवसाची रोजी द्यावी आणि दरवर्षी काही विहिरींना कठडे बांधावेत. दोराच्या फलकावर आपले नाव नसले तरी चालेल. नोंदवहीत तपासणीची तारीख मात्र असावी.

अभयदानास आपण श्रेष्ठ दान मानतो. ते देणाऱ्या हातांचीही काळजी वाहणे हे आपले कर्तव्य होय.

जय जिनेंद्र!