महाड : पाण्याचं गाव
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



२० मार्च जवळ आला की आपण महाडला निघतो. गाड्या भरून जातो, चवदार तळ्यावर बाबासाहेबांना वंदन करतो, क्रांतिस्तंभ बघतो, पुस्तकं घेतो आणि संध्याकाळी परत फिरतो. तळं आपल्याला पाठ आहे. पण गाव कसं आहे, असं मुलांनी विचारलं तर आपण गप्प बसतो. म्हणून आज त्या गावाविषयी चार शब्द बोलणार आहे.

महाड रायगड जिल्ह्यात सावित्री नदीकाठी वसलं आहे. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. रायगडाच्या बाजूने येणारी गांधारी नदी महाडजवळ तिला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून वर चढतं, त्यामुळे पूर्वी गलबतं या भागापर्यंत येत. समुद्राकडचा माल घाटावर जाई आणि घाटावरचा खाली उतरे. अशा व्यापारी वाटांवरच आपली लेणी कोरली गेली. महाडपासून दोन-तीन किलोमीटरवर पाले गावाच्या डोंगरात सुमारे ३० बौद्ध लेणी आहेत. तिथे कानभोअ नावाच्या राजकुमाराच्या दानाचा ब्राह्मी शिलालेख आहे. म्हणजे महाडला आपण १९२७ साली पहिल्यांदा आलो नाही. धम्म तिथे कित्येक शतकं आधीच पोचला होता.

आता पाण्याचं बघा. गावाला नदी आहे, तळी आहेत, कोकणचा धो-धो पाऊस आहे. तरीही मार्च १९२७ च्या परिषदेत आपल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं! सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. पण ठरावाने कुणाची तहान भागत नाही. तीन वर्षं तो कागदावरच राहिला. २० मार्चला बाबासाहेब चालत गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. मागून आपल्या लोकांवर हल्ला झाला, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागेही घेतला.

डिसेंबरच्या सत्याग्रहाला मोटारवाल्यांच्या बहिष्काराची भीती होती. म्हणून बाबासाहेब समुद्रमार्गे बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडला आले. मंडपासाठी जागा दिली फत्तेखान यांनी. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आपल्या बाजूने उभे होते. विरोध करणारेही गावचे आणि साथ देणारेही गावचेच, हे विसरू नका. पुढे कोर्टाची लढाई चालली. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं गेली!

आणि हीच नदी पावसाळ्यात गावावर उलटते. वरून सह्याद्रीचा लोंढा, खालून खाडीची भरती, मध्ये महाड. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल कोसळला, एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ ला सगळी बाजारपेठ बुडाली. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांची डोकी फुटली, ते पाणी न बोलावता घराघरांत शिरलं. आणि प्यायचं पाणी मात्र बाहेरून आणावं लागलं. ती तहान आपण ओळखतो. म्हणून अशा वेळी महाडच्या मदतीला आपल्या विहारातून पहिली गाडी निघाली पाहिजे, असं मला वाटतं.

एक विनंती करून थांबतो. येत्या २० मार्चला दोन तास लवकर निघा. आधी पाल्याची लेणी चढा, वरून नदी बघा, मुलांना दाखवा. मग तळ्यावर या. आणि आपल्या वस्तीसाठी झालेला कुठला ठराव अजून कागदावरच पडलाय, तेही परत येताना गाडीत बसून जरा बोला.

नमो बुद्धाय! जयभीम!