दोन फरकांमधील फरक

एकाच विद्यार्थ्याची स्मरणशक्ति तीन वेळां मोजली, तर ते तीन आंकडे परस्परांस परके नसतात. हुशार मुलगा बहुधा तिन्ही वेळीं हुशारच असतो. रोनाल्ड फिशर यांनीं इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें शेतीच्या प्रयोगांसाठीं घडविलेलें प्रचरण-विश्लेषण अशा मोजणीस लावतांना हें नातें ध्यानांत ठेवावें लागतें.

समजा, मुलांच्या एका गटानें धडा मोठ्यानें म्हणून पाठ केला, दुसऱ्यानें मनांतल्या मनांत वाचून. त्याच दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें परीक्षा घेतली. पहिल्या गटाची सरासरी 50, 48, 46 अशी उतरली. दुसऱ्याची 52, 40, 31 अशी. विसरण्याचा वेग दोहोंकडे सारखा नाहीं, यासच परस्परक्रिया म्हणतात. ती सार्थ ठरली कीं काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें तेथून सुरू होतें. परस्परक्रिया आहे एवढेंच त्या कसोटीनें कळतें; कोठें आहे, हें कळत नाहीं.

येथें विद्वानहि घसरतात. दुसऱ्या गटाची उतरण सार्थ, पहिल्याची असार्थ, म्हणून गट भिन्न, असा निष्कर्ष ते काढतात. पण असार्थ म्हणजे शून्य नव्हे! औषध घेतलेल्या रोग्यांस सार्थ उतार पडला, न घेतलेल्यांस पडला नाहीं, एवढ्यावरून औषधास श्रेय देणें याच जातीचें. 2011 सालीं सँडर नीवेनहाउस व त्यांचे सहकारी यांनीं पांच प्रमुख नियतकालिकांतील मेंदूविषयक 513 निबंध तपासले. अशी तुलना जेथें आली होती, तेथें 78 निबंधांत रीत योग्य, 79 निबंधांत चुकीची आढळली. नाणें उडवून रीत निवडली असती, तरी याहून फार वेगळें झालें नसतें.

सरळ मार्ग असा: प्रत्येक मुलाच्या पहिल्या दिवसाच्या गुणांतून महिन्याचे गुण वजा करावे. मूळची हुशारी वजाबाकींत निघून जाते. मुलामागें एकच आंकडा उरतो. मग या उतरणींची गटागटांत तुलना करावी. वरील उदाहरणांत सरासरी उतरण 4 व 21, म्हणजे तपासावयाचें अंतर 17 चें. पहिल्या आठवड्याची उतरण याच रीतीनें निराळी पाहतां येते; तेथें अंतर 10 चें.

सर्व वेळांची मिळून काढलेली एकच चूक मात्र येथें वापरूं नये. निरनिराळ्या वेळांमधील फरकांचें प्रचरण सारखें असेल तरच ती चालते. 1959 सालीं ग्रीनहाउस व गीसर यांनीं सुचविलेली दुरुस्ती मुख्य कसोटीस सांभाळते; सुट्या तुलनांस प्रत्येकीची स्वतःची चूक लावणेंच बरें. दोन्ही गटांत वेळांच्या जोड्या एकूण सहा होतात. त्या सर्व तपासावयाच्या, तर 0.05 ची मर्यादा सहांनीं भागून सुमारें 0.0083 धरावी. आधींच लिहून ठेवलेल्या एकाच प्रश्नास इतका जाच नको. परंतु आंकडे पाहिल्यावर सुचलेला प्रश्न आधींचाच होता, असें म्हणण्याचा मोह संशोधकांस फार होतो.