नाताळची न्याहारी

मी सातवी शिकलेली. बोलावयास उभी राहिले ती एका पुस्तकापायी. शांताबाई शेळक्यांची ‘चौघीजणी’ पुष्कळजणींनी वाचली असेल. मूळ कादंबरी अमेरिकेतील लुइझा मे ऑल्कटबाईंची, १८६८ सालची, स्वतःच्या बहिणींवरून लिहिलेली. नाताळ आलेला, वडील लढाईवर, हात आखडलेला. तरी आईच्या एका शब्दावर त्या मुली आपली न्याहारी उचलून एका बाळंतिणीच्या उपाशी घरी नेतात.

यजमानांची नोकरी सुटली त्या दिवाळीत मी फराळच केला नाही. लाजेने दार लोटून बसले. पुढे हे पुस्तक वाचून धाकटीने विचारले, “आई, चार करंज्यासुद्धा का गं नाही केल्यास?”

मी गप्प. यंदा पहिल्या चार तिच्याच हाती खालच्या आजींकडे पाठविल्या.