गाडी सरळ कां चालत नाहीं?

(नभोवाणीवरील भाषण)

आयुष्याचीं छत्तीस वर्षें मीं खडू-फळ्याच्या सहवासांत घालविलीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रविद्येचा तर गंधहि नव्हता. तेव्हां मोटारीच्या दुरुस्तीवर मीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका गाडीनें मला पुन्हां विद्यार्थी केलें. आणि तो धडा मिळण्यापूर्वीं माझ्या हातून एक अन्याय घडला होता. म्हणून हें भाषण.

माझा पुतण्या नारायणगांवास राहतो. त्याच्याजवळ एक पिकअप आहे. रात्रीं टोमॅटोचे क्रेट भरून तो माळशेज घाटानें वाशीच्या बाजारांत जातो आणि दुसऱ्या दिवशीं रिकाम्या गाडीनें परततो. आपणांपैकीं बहुतेकांच्या दारीं असली गाडी नसेल. पण आपल्या पानांतील कोशिंबीर बहुधा अशाच गाडींतून आलेली असते. एकदां परतीच्या वेळीं मी त्याच्या शेजारीं बसलों होतों. रस्ता सरळ असूनहि गाडी कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे सरके, आणि तो स्टिअरिंग हालवून तिला मार्गावर आणी. मला वाटलें, पोराला झोप अनावर झाली आहे. मी त्याच्यावर रागावलों. तो म्हणाला, "काका, मी जागा आहें, गाडीच भटकते." माझा विश्वास बसला नाहीं. इतक्यांत समोरून ट्रक आला आणि गाडी हातभर त्याच्या अंगावर सरकली. त्यानें ती कशीबशी सांवरली. पुढें घर येईपर्यंत मी एक शब्दहि बोललों नाहीं.

गांवांतील एका कारागिरानें गाडी पाहिली, स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला आणि "झालें" म्हणून सांगितलें. हाताला प्ले कमी लागूं लागला, हें खरें. पण आतां वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होईना, आणि भटकणें तर वाढलेंच. गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे कांहीं मुलें पायऱ्या न तपासतां शेवटचा आंकडा तेवढा खोडतात, त्यांतलाच हा प्रकार!

नंतर आम्ही एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. त्यांनीं पान्याला हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले. गाडी एकाच बाजूला ओढते, कीं दोन्हीकडे भटकते? सदैव एकाच बाजूस ओढणें हा निराळा रोग; एका चाकांत हवा कमी असली किंवा एक ब्रेक धरून राहिला, तरी तसें होतें. गाडी भरलेली असतां अधिक भटकते, कीं रिकामी असतां? पुतण्या म्हणाला, "रिकामी असतां."

ह्या उत्तराचें महत्त्व मला मागाहून समजलें. सायकलीचा पुढचा चिमटा मागें कललेला असतो. मोटारीचें पुढचें चाक ज्या अक्षाभोंवतीं वळतें, तो अक्षहि तसाच मागें कललेला असतो. ह्या कलास कॅस्टर म्हणतात. त्याच्यामुळें चाक आपण होऊन सरळ होऊं पाहतें. पुतण्यानें जादा मालासाठीं मागें दोन पाटे वाढविले होते. त्यामुळें रिकामी गाडी मागून उंच राही, तिचें नाक खालीं जाई आणि तो कल कमी होई. उलट, सारें ओझें पाठीमागच्या टोंकास लादलें, तर पुढचीं चाकें हलकीं पडून रस्त्यावरची पकड सुटते. अति भार हाहि रोगच आहे.

मग तपासणी सुरू झाली, ती चाकांपासून. टायर थंड असतां हवा मोजली, झीज पाहिली. पुढचें चाक जॅकवर उचलून खालीं ठोकळे लावले, आणि तें वर-खालीं धरून हालविलें. असें हालवितां चाक खुळखुळलें, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल असतो. कोणी ब्रेक दाबून धरल्यावर तो खुळखुळाट थांबला, तर दोष बेअरिंगचा समजावा. तेथें सारें ठीक होतें. मग चाकें जमिनीवर टेकवून, पुढें-मागें उटी लावून, एकानें इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडें थोडें डावें-उजवें हालविलें आणि मिस्त्रींनीं प्रत्येक सांध्यावर बोटें ठेवून पाहिलें. डाव्या टाय रॉडच्या टोंकाशीं दांडी हाले, पण चाक मात्र क्षणभर थांबून मग वळे. आपल्या खांद्याप्रमाणें हा उखळीचा सांधा असतो. त्याचें रबरी टोपण फाटलें होतें. ग्रीस वाहून गेलें होतें आणि पाण्याबरोबर शिरलेल्या रेतीनें आंतली वाटी खाल्ली होती.

सांधा बदलला. जादा पाटे काढले. बॉक्सचा स्क्रू पुन्हां योग्य मापावर आणला. सर्वांत शेवटीं व्हील अलाइनमेंट केली. कारण नवा सांधा बसवितांना चाकांचा कोन बदलतो, आणि पुढचीं चाकें बाहेरच्या बाजूस फांकलेलीं राहिलीं, तर गाडी पुन्हां भटकूं लागते. सैल सांधे तसेच ठेवून आधीं अलाइनमेंट करणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें होय.

श्रोतेहो, आपल्या घरच्या मोटारीसहि हाच क्रम लागू आहे: आधीं टायर आणि ओझें, मग सांधे, मग बॉक्स, शेवटीं अलाइनमेंट. एवढा क्रम ध्यानांत असला, तर कोणी प्रथमच स्क्रू आवळावयास धांवल्यास आपणांस त्याला थांबवितां येईल.

आतां माझ्या अन्यायाविषयीं. फळ्यावरचें वाचीत नाहीं म्हणून एका मुलाला मीं पूर्वीं बांकावर उभें केलें होतें. पुढें त्याला चष्मा लागला. त्या प्रसंगानंतर मी शहाणा झालों, असें मला वाटत होतें. परंतु पुतण्याच्या बाबतींत मीं पुन्हां तेंच केलें. यंत्राची तपासणी होण्यापूर्वींच माणसाला दोषी ठरविलें. दुरुस्त गाडी घेऊन तो दारीं आला, तेव्हां मीं त्याची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, "काका, आतां शेजारीं बसा आणि खुशाल झोपा." मी बसलों, आणि खरोखरच मला झोप लागली.