निरोपाचा चाकू



आज आम्ही तुम्हांला एका चाकूची गोष्ट सांगणार आहोत. चाकू म्हटल्यावर दचकू नका. हा भांडणाचा चाकू नव्हे. हा डोंगरवाटेचा चाकू. गावाने तो एका गुरुजींना निरोपाची भेट म्हणून दिला. भेट कशी निवडावी आणि तिच्यावर काय लिहावे, हे त्या चाकूपायी आम्हांला या वयात नव्याने शिकावे लागले.

आमचे गाव अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या पायाशी. मागे कळसूबाई उभी. १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रात तिच्याहून उंच शिखर नाही. गुरुजी आमच्या गावात सात वर्षे होते. दिवसा मुलांना शिकवत, रात्री मोठ्या माणसांचा वर्ग घेत. रविवारी पोरांना घेऊन डोंगरावर जात. कधी कळसूबाई, कधी रतनगड. पोरांना झाडे ओळखायला शिकवत, पाण्याची टाकी दाखवत.

२०२३ साली त्यांची बदली झाली. रात्रीच्या वर्गातली माणसे आमच्याकडे आली. म्हणाली, "मास्तर, गुरुजींना काहीतरी द्यायचं. शाल-नारळ तर देऊच, पण कायम जवळ राहील असं द्यायचं."

कोणी घड्याळ म्हणाले, कोणी तसबीर म्हणाले. तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "गुरुजींच्या पिशवीत घरातली सुरी असते. वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. एकदा ती पिशवी फाडून बाहेर आली अन् गुरुजींचा हात कापला."

मग ठरले. डोंगरात न्यायचा चांगला चाकू द्यायचा, आणि त्यावर अक्षरे कोरून द्यायची. वर्गणी जमली २,३०० रुपये. कोणी शंभर दिले, कोणी दहा. मजुरीचा पैसा होता तो. म्हणून जपून वापरायचा होता.

मंडळी, पहिली चूक इथेच होणार होती. एक जण म्हणाला, "हातभर पात्याची कुकरी आणू. भिंतीवर कशी शोभेल!" आम्ही विचारले, "गुरुजी चाकू भिंतीवर लावणार की पिशवीत नेणार?" भेट घेणाऱ्याच्या हाताला शोभली पाहिजे, देणाऱ्याच्या डोळ्याला नव्हे.

शिवाय कायदाही पाहावा लागतो. ज्याचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद, असा चाकू आपल्या देशात शस्त्रांच्या नियमांत येतो. घरकाम, शेती अशा कामांसाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून सूट आहे. म्हणून तुमचा कोयता चालतो. पण शोभेची मोठी कुकरी घेऊन कोणी एस.टी.त बसला, तर पोलीस विचारणारच. बटण दाबले की खटकन उघडतो तो चाकूही भेटीला घेऊ नये. तो पाहिला की माणसाच्या मनात संशय येतो.

डोंगरात चाकूला काम तरी काय असते? काकडी-कांदा चिरणे, दोरी कापणे, जखमेवर बांधायला कापड फाडणे, काठीचे टोक तासणे. एवढ्याला चार बोटे लांबीचे पाते पुष्कळ झाले. डोंगरी देशांतली माणसेही लहानच चाकू वापरतात. फ्रान्समध्ये सावोय नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे झोझेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा, मिटणारा चाकू बनवला. शेतकरी तो खिशात ठेवू लागले. आज तो जगभर मिळतो. त्यातला एक नेहमीचा आकार साडेआठ सेंटीमीटर पात्याचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर याने १८९१ साली शिपायांसाठी चाकू पुरवला. तोही मिटून खिशात मावणारा.

आता मिटणारा घ्यावा की सरळ पात्याचा? आम्ही गावच्या लोहाराला विचारले. तो म्हणाला, "मास्तर, सरळ पात्याचा मजबूत. पण त्याचं पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं पाहिजे. नुसतं बोटभर खोचलेलं असलं, तर जोर लावला की मूठ निसटते. मिटणारा घ्यायचा, तर त्याला खटका पाहिजे. खटका नसला, तर पातं बोटावरच मिटतं."

खटका म्हणजे उघडलेले पाते अडवून धरणारी कळ. त्या ओपिनेल चाकूलाही १९५५ साली फिरते कडे बसवले. कडे फिरवले की उघडलेले पाते मिटत नाही. अडसर लावल्यासारखेच ते.

गुरुजी बसने फिरणारे, बरोबर लहान पोरे. म्हणून मिटणारा आणि खटक्याचा, असे ठरले.

पुढचा प्रश्न पोलादाचा. पोलादाच्या मुख्य जाती दोन. एक साधे पोलाद. त्याला धार लवकर लागते, पण ते गंजते. आपला विळा पावसाळ्यात चार दिवस ओला राहिला, तर लाल होतो, तसेच. दुसरे न गंजणारे, ज्याला आपण स्टील म्हणतो. त्यात शंभर भागांत निदान साडेदहा भाग क्रोमियम नावाचा धातू असतो. त्याने पात्यावर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि गंज अडतो. मात्र कधीच गंजत नाही असे समजू नका. मीठ-लिंबू लागलेले पाते तसेच मिटून ठेवले, तर त्यालाही डाग पडतो. आमच्या मुलखात चार महिने पाऊस. म्हणून आम्ही न गंजणारे पाते घेतले.

नाशिकला जाऊन चाकू आणला. १,७५० रुपये पडले. मूठ लाकडाची. लाकूड थंडीत हाताला गार लागत नाही, आणि ओल्या हातातून सहसा निसटत नाही. घेताना तीन गोष्टी पाहिल्या. पाते उघडून हलवून पाहिले, डुगडुगत नव्हते. खटका दहा वेळा लावून पाहिला. मूठ धरून पाहिली. आम्ही उजव्या हाताचे, पण गुरुजी डावखुरे! हे दुकानात आमच्या बरोबरच्या पोराने आठवण करून दिली. सुदैवाने तो खटका दोन्ही हातांनी लागत होता.

आता राहिले कोरायचे काम, आणि खरा तंटा इथेच झाला.

गावातली चार वजनदार माणसे म्हणाली, "आमची नावं पाहिजेत. वर्गणी आम्ही जास्त दिली." दुसऱ्या कोणी लांबलचक मजकूर आणला. 'परमपूज्य' पासून 'कृतज्ञ ग्रामस्थ' पर्यंत सत्तावीस शब्द. आम्ही मुठीवर पट्टी ठेवली. जागा भरली सात सेंटीमीटर! सत्तावीस शब्द लिहायचे तर अक्षरे मुंगीएवढी होतील. कोरताना बारीक अक्षराचे मात्रा-वेलांटी एकमेकांत मिसळतात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

वर्गात एक आजी आहेत. वय सत्तरीच्या पुढे. अंगठा सोडून सही करायला त्या गुरुजींकडे शिकल्या. जोडाक्षरे अजून यायची होती. त्यांनी वर्गणी दिली होती दहा रुपये. त्या म्हणाल्या, "मास्तर, माझं नाव नगं. पण मला वाचता यील असं लिवा."

सगळे गप्प झाले. वजनदार मंडळीही गप्प झाली.

मग जोडाक्षर नसलेले शब्द आम्ही शोधू लागलो. त्याच रात्री फळ्यावर सगळ्यांनी मिळून मजकूर केला:

गुरुजी, वाट दाखवलीत.

खाली गावाचे नाव आणि साल. बस्स. डोंगरातली वाट म्हणा, अक्षरांची वाट म्हणा, दोन्ही त्यात आले. आजींनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. दोनदा वाचले.

दुसऱ्या दिवशी भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे गेलो. लग्नात भांड्यांवर नाव घालतात, तोच. त्याने पाते पाहून सांगितले, "पात्यावर नको. पाणी दिलेलं पोलाद आहे, माझी सुई घसरेल. घासून गरम केलं, तर धारेचं पाणी उतरेल." पाणी म्हणजे लोहार तापवून, बुडवून पोलादाला जो कडकपणा आणतो तो. पाते तापून निळे पडले की कडकपणा जातो, मग धार टिकत नाही. म्हणून छोटी पितळी पट्टी घेऊन तिच्यावर कोरायचे आणि ती मुठीवर बसवायची, असे ठरले. पट्टी आणि मजुरी मिळून २५० रुपये.

आम्ही खिशातून चिठ्ठी काढून दिली. कारागिराने सुई टेकवली, इतक्यात रात्रीच्या वर्गातला एक गडी म्हणाला, "मास्तर, थांबा. 'दाखवलीत'ची वेलांटी ऱ्हस्व पडली का?"

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरेच! घाईत आमच्याच हातून 'दाखवलित' लिहिले गेले होते. चाळीस वर्षे पोरांच्या वह्या तपासलेला हेडमास्तर, आणि त्याची चूक काढली दोन वर्षांपूर्वी अक्षर गिरवायला लागलेल्या गड्याने. आम्हांला लाज वाटली. आणि खरे सांगतो, लाजेपेक्षा आनंद जास्त झाला. पाटीवरचे पुसता येते, कागदावरचे खोडता येते. धातूवरचे तसेच राहते. म्हणून कोरायला देण्याआधी मजकूर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. वाचणारा लहान की मोठा, हे पाहू नये.

निरोपाच्या दिवशी एक अडचण आली. एक बाई म्हणाल्या, "धारेची वस्तू भेट देऊ नये, माया तुटते." ही समजूत परदेशांतही आहे. तिथे चाकू घेणारा देणाऱ्याला एक नाणे देतो. म्हणजे तो विकत घेतला, भेट उरली नाही. आमचा त्या समजुतीवर विश्वास नाही. माया तुटते ती माणसाच्या वागण्याने. पण कोणाच्या मनाला रुखरुख कशाला? गुरुजींनी हसत एक रुपया काढला आणि आजींच्या हातावर ठेवला. तो रुपया वर्गाच्या खडूच्या डब्यात गेला. वर्गणीतले तीनशे उरले होते, तेही त्यातच टाकले.

गुरुजींनी पट्टीवरची अक्षरे वाचली. भाषण ठरले होते, पण त्यांना बोलता येईना. मग आजीच म्हणाल्या, "मी वाचते." आणि त्यांनी भर सभेत, मोठ्याने वाचून दाखवले.

चाकू देताना आम्ही चार गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही ध्यानात ठेवा. वापरल्यावर पाते पुसून, कोरडे करून मिटावे. सांध्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडावा. धार बोथट होऊ देऊ नये, कारण बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि तोच निसटून हात कापतो. चाकू दुसऱ्याला देताना मिटून द्यावा. विमानाने जायचे झाले, तर तो हातातल्या पिशवीत चालत नाही, सामानात द्यावा लागतो.

आणखी एक. साप चावला, तर जखमेवर चाकू चालवू नका. पूर्वी तसे करत. त्याने विष निघत नाही, उलट रक्त जाते. चावलेल्या माणसाला हलू देऊ नका, धीर द्या आणि ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचे औषध तिथे मिळते.

शेवटची गोष्ट. आम्ही गडावर गेलो की दगडांवर, देवळांवर कोरलेली नावे दिसतात. कोणी दगडाने कोरतो, कोणी चाकूने. संरक्षित वास्तूची अशी खराबी करणाऱ्याला १९५८ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवा. तो दगड बांधणाऱ्याने आपले नाव ठेवले नाही, मग आपले कशाला? लिहिता आले म्हणून कुठेही लिहू नये.

आमच्या चाकूवर देणाऱ्या एकाचेही नाव नाही. तरी तो हातात घेतला की गुरुजींना सगळा गाव आठवत असेल. परवा त्यांचे पत्र आले. लिहिले आहे, नव्या गावातही डोंगर आहे आणि रविवारी पोरे बरोबर येतात. ते पत्र वर्गात वाचले. वाचणाऱ्या आजीच होत्या. आता त्यांना जोडाक्षरेही येतात.